१९५७ची शेवरोले: कोणत्या बॉडीला कोणती पट्टी बसते, हे पैसे देण्याआधी कसं ओळखावं

‘सत्तावन्नची बेल एअर आहे ना? मग बसणारच.’ सुटे भाग विकणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य आलं, की मी हातातली पट्टी खाली ठेवतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. बेल एअर हे दर्जाचं नाव आहे, बॉडीचं नाही. १९५७ साली शेवरोलेच्या मोठ्या मोटारी वन-फिफ्टी, टू-टेन आणि बेल एअर अशा तीन दर्जांत निघाल्या. त्यांतल्या एकट्या बेल एअरच्या सात बॉड्या होत्या: दोन दारांची सेडान, चार दारांची सेडान, दोन दारांची हार्डटॉप म्हणजे स्पोर्ट कूपे, चार दारांची हार्डटॉप म्हणजे स्पोर्ट सेडान, कन्व्हर्टिबल, चार दारांची टाउन्समन वॅगन आणि दोन दारांची नोमॅड वॅगन. सातही गाड्यांचा चेहरा अगदी सारखा, म्हणून लोक धरून चालतात की चकचकीत पट्ट्याही सारख्याच असणार. पट्टी मात्र नावाला बसत नाही, पत्र्याला बसते. आणि या गाडीचा पत्रा जसजसं मागे जावं तसतसा बदलत जातो.

इथे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी आणि कार्लाइलच्या जुन्या भागांच्या बाजारांत मैदानं भरून या पट्ट्या मांडलेल्या असतात. बहुतेकांवर फक्त ‘५७ बेल एअर’ एवढीच चिठ्ठी. कोणत्या बॉडीची, ते तुम्हीच ओळखायचं. कसं, ते सांगतो.

१. आधी आपली गाडी कोणती, ते टॅगवर वाचा

मालक काय सांगतो ते बाजूला ठेवा. बॉनेट उघडा, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर फिशर बॉडीचा, म्हणजे जनरल मोटर्सच्या बॉड्या बनवणाऱ्या विभागाचा, छोटा टॅग असतो, त्यावरचा स्टाइल क्रमांक वाचा. ५७ या सालानंतर चार आकडे येतात आणि बेल एअर असेल तर त्यांच्यापुढे डी हे अक्षर (वॅगनला त्यापुढे एफही). १०११डी ही दोन दारांची सेडान, १०१९डी चार दारांची सेडान, १०३७डी स्पोर्ट कूपे, १०३९डी स्पोर्ट सेडान, १०६७डी कन्व्हर्टिबल आणि १०६४डीएफ नोमॅड. हेच आकडे डीशिवाय असतील तर गाडी टू-टेन आहे. म्हणजे नुसतं १०३७ ही टू-टेनची स्पोर्ट कूपे. वन-फिफ्टीच्या सेडानचा क्रमांक १२ने सुरू होतो, जसा १२११ किंवा १२१९.

ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर गाडीच्या क्रमांकाची प्लेट असते. तीही ताडून पाहा. तिथे व्हीसी५७ म्हणजे व्ही-८ इंजिनाची बेल एअर, नुसतं सी५७ म्हणजे सहा सिलिंडरची. टू-टेनला सीच्या जागी बी, वन-फिफ्टीला ए. टॅग आणि प्लेट वेगवेगळं बोलत असतील तर पट्ट्यांची खरेदी थांबवा. आधी या बॉडीचा इतिहास शोधावा लागेल.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली जोडणीचा कारखाना काढला आणि १९५४ साली तो बंद झाला. तेव्हा १९५७ची शेवरोले ‘शिवडीत जोडलेली’ म्हणून कोणी दाखवत असेल, तर त्या माणसाचं पुढचं बोलणंही तपासून घ्या.

२. पुढचा भाग

ग्रिल, बॉनेट आणि पुढचं मडगार्ड यांवरच्या ट्रिममध्ये, म्हणजे चकचकीत पट्ट्या आणि सजावटीत, बॉडीमुळे फरक पडत नाही, दर्जामुळे पडतो. बेल एअरच्या ग्रिलची जाळी सोनेरी आणि पुढच्या मडगार्डवर तीन सोनेरी खुणा. टू-टेनची जाळी रुपेरी. दर्जा जुळला की इथे निर्धास्त खरेदी करा.

३. छप्पर पाहा, दारं मोजू नका

काचेभोवतीच्या पट्ट्या घेताना लोक दारं मोजतात. ते सोडा, छप्पर पाहा. सेडानला दोन खिडक्यांच्या मध्ये खांब असतो आणि तिचं छप्पर उंच असतं. हार्डटॉपला तो खांब नाही आणि छप्पर बसकं. त्यामुळे पुढच्या काचांची दोन घराणी पडतात: सेडान आणि साध्या वॅगनची उंच काच एकीकडे, हार्डटॉप, कन्व्हर्टिबल आणि नोमॅडची ठेंगणी काच दुसरीकडे. काच बदलली की रबर बदलतं, रबर बदललं की बाहेरची पट्टी बदलते. छपराच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीवरची पट्टीही तशीच छपराबरोबर बदलते.

सगळ्यांत जास्त गोंधळ नोमॅडचा. ती वॅगन आहे, पण पुढची काच हार्डटॉपची. १९५४च्या मोटोरामा या जनरल मोटर्सच्या प्रदर्शनात कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीवर बेतलेली नोमॅड नावाची एक गाडी ठेवली होती, तिचंच बसकं छप्पर मोठ्या शेवरोलेवर आणलं गेलं. म्हणून नोमॅड पुढून हार्डटॉपच्या कुळातली आहे आणि मागून फक्त स्वतःसारखी. टाउन्समनच्या काचेची पट्टी नोमॅडवर धरून पाहिलीत तर कोपऱ्यातच कळेल: बाक वेगळा पडतो आणि कितीही दाबलं तरी टोक पत्र्यापासून उचललेलं राहतं.

४. कडेच्या पट्ट्या: इथे घाई करू नका

मला सर्वांत जास्त झगडायला लावलं ते इथेच, आणि सर्वांत वाईट सल्लाही इथेच मिळतो.

बेल एअरच्या कडेला पुढच्या मडगार्डापासून एक स्टेनलेसची पट्टी निघते आणि मागच्या बंपरकडे जाते. वाटेत तिच्यातून दुसरी पट्टी फुटते आणि दोघींच्या मध्ये मागे रुंदावत जाणारी पाचर तयार होते. बेल एअरमध्ये या पाचरीत प्रकाशात चमकणारा, बारीक रेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो आणि त्यावर बेल एअर ही सोनेरी अक्षरं. टू-टेनला बाहेरच्या पट्ट्यांची चौकट तीच, पण आत ॲल्युमिनियम नाही, रंग. म्हणून पाचरीत ॲल्युमिनियम बसवून टू-टेनची बेल एअर करणं सोपं जातं, आणि बरेच जण करतात. टॅग आधी वाचायला सांगितला तो यासाठीच.

आता बॉडीचा प्रश्न. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं आणि त्यामागे थेट मागचं मडगार्ड. चार दारांच्या गाडीत तेवढ्याच लांबीत दोन दारं बसवलेली असतात, म्हणून पुढचं दार आखूड आणि पाचर मागच्या दारावरूनच जाते. साहजिकच तिथला ॲल्युमिनियमचा पत्रा तुकड्यांत असतो, एक दारावर आणि एक मडगार्डवर, आणि प्रत्येक तुकड्याची टोकं दाराच्या कडेच्या तिरपेपणाप्रमाणे कापलेली. स्पोर्ट सेडानलाही चारच दारं, पण तिची दारं सेडानची नाहीत. वॅगनचं मागचं मडगार्ड तर पूर्णच वेगळं. म्हणजे ‘चार दारांची पट्टी’ असं काही नसतंच. चार दारांच्या सेडानची, चार दारांच्या हार्डटॉपची आणि वॅगनची, असं वेगवेगळं विचारा.

बाजारात चार दारांच्या गाडीचे भाग स्वस्त मिळतात, कारण लोक जीव लावून दुरुस्त करतात ती बहुधा दोन दारांची किंवा कन्व्हर्टिबल. मग कोणीतरी हमखास सुचवतो, ‘घ्या, कापून बसवा.’ कृपा करून कापू नका. चार दारांच्या गाडीच्या पुढच्या दाराची पट्टी दोन दारांच्या दाराला आखूडच पडणार, आखूड वस्तू कापून लांब होत नाही. दोन तुकडे जोडले तर सांधा कितीही घासा, ऊन पडलं की दिसतो. शिवाय ज्या चार दारांच्या गाडीला ती पट्टी नेमकी हवी होती, तिच्यासाठी एक मूळ वस्तू कायमची गेली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कारखान्यातून निघालेली मूळ पट्टी परत येत नाही.

मी काय करतो ते सांगतो. तपकिरी पार्सल-कागदाची लांब पट्टी आपल्या गाडीवर, जिथे ट्रिम बसायची तिथे, मास्किंग टेपने ताठ लावा. मऊ पेन्सिल आडवी धरून कागदावरून घासत जा. पत्र्यातली क्लिपांची भोकं काळ्या वर्तुळांसारखी आपोआप उमटतात. दाराच्या दोन्ही कडा, मडगार्डाची कड आणि चाकाच्या कमानीचा सर्वांत वरचा बिंदू रेघ मारून दाखवा. कागदावर डावी बाजू की उजवी, पुढचं टोक कोणतं आणि स्टाइल क्रमांक लिहा. प्रत्येक दाराचा आणि प्रत्येक मडगार्डाचा कागद वेगळा. हे कागद गुंडाळून बाजारात न्या. फोनमधला फोटो चालत नाही. फोटोत माप नसतं.

विकत घ्यायची पट्टी कागदावर उलटी ठेवा आणि या क्रमाने पाहा. आधी पाठीमागचे बोल्ट किंवा क्लिप बसायच्या जागा, त्या भोकांवर आल्या पाहिजेत. मग टोकांचा काप: दाराच्या कडेला टेकणारं टोक कागदावरच्या रेघेला समांतर हवं. लांबी सर्वांत शेवटी. लांबीवरून निर्णय घेणारे फसतात, कारण वेगवेगळ्या बॉड्यांच्या दोन पट्ट्या लांबीला जवळपास सारख्या निघू शकतात, पण भोकं आणि टोकाचा कोन दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत. मग पट्टी डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीने नजर टाका. तिचा नैसर्गिक बाक तुमच्या मडगार्डाच्या बाकासारखा असला पाहिजे. बाक हाताने देऊ, असं म्हणू नका. हाताने वाकवलेल्या स्टेनलेसवर उजेड तुटतो आणि ती लाट नंतर बफिंगने जात नाही.

आणखी दोन सूचना. विक्रेता चुंबक लावून ‘चिकटतं, म्हणजे लोखंड’ असं म्हणाला तर मनावर घेऊ नका. मोटारींच्या ट्रिमचं स्टेनलेस बहुधा चुंबकाला चिकटतंच. चुंबक उपयोगी पडतो तो ॲल्युमिनियम ओळखायला. दुसरं, गाडीच्या मडगार्डाची आतली बाजू टॉर्च लावून पाहा. वेल्डिंगने बुजवलेली भोकं दिसली तर पूर्वी कोणीतरी दुसऱ्या दर्जाची किंवा दुसऱ्या बॉडीची पट्टी तिथे बसवली होती, किंवा मडगार्डच दुसऱ्या गाडीचं आहे. तसं असेल तर आपल्या कागदावरच्या भोकांवर विश्वास ठेवू नका. त्याच स्टाइल क्रमांकाची, न छेडलेली दुसरी गाडी शोधा आणि तिच्यावरून कागद घ्या. या गाड्यांचे मालक मोठ्या मनाचे असतात. पार्सल-कागद घेऊन दारात आलेल्या माणसाला नाही म्हणालेला मालक मला भेटलेला नाही.

१९५५ आणि १९५६च्या गाड्यांनाही हीच पद्धत लागते, पण १९५६च्या नोमॅडकडे जरा थांबून पाहा. इतर बेल एअरच्या मागच्या मडगार्डवर जी छोटी तिरपी पट्टी असते ती नोमॅडवर उलट दिशेने कलते, तिच्या कललेल्या खांबाला समांतर. ती पाहून पूर्वीच्या मालकाने डावी-उजवी अदलाबदल केली असं बरेच जण ठरवून टाकतात. तसं नाही, कारखान्याने ती तशीच लावली. १९५५ची नोमॅड तर मागच्या चाकाच्या कमानीवरूनच ओळखा: इतर गाड्यांची कमान वरून झाकलेली, नोमॅडची पूर्ण मोकळी.

५. साफसफाई

स्टेनलेसचे पोचे मागून हलक्या हाताने ठोकून काढा, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश-कागदाने घासा, बफ करा. ॲल्युमिनियमची पाचर आणि सोनेरी ग्रिल मात्र बफिंगच्या चाकाजवळ नेऊ नका. त्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने तयार केलेला, पातळ संरक्षक थर आहे आणि सोनेरी रंग त्या थरातच आहे. सौम्य साबण, मऊ फडकं, बस. ओव्हन साफ करायचं द्रव वापरा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्यातला कॉस्टिक तो थर खाऊन टाकतो.

६. बसवणं मागून पुढे

मागचं मडगार्ड बॉडीला वेल्ड केलेलं असतं, ते हलत नाही. दार बिजागरीवर हलतं, पुढचं मडगार्ड बोल्टवर हलतं. म्हणून पट्टी आधी मागच्या मडगार्डवर पक्की करा, मग दार त्या रेषेत आणा, शेवटी पुढचं मडगार्ड. पुढून सुरुवात केली तर सगळी चूक मागे साठत जाते आणि तिथे हलवायला काही उरत नाही.

भोकांच्या कडांना गंजरोधक प्राइमर लावून तो वाळू द्या. क्लिपखाली सीलर घाला. या पत्र्याचा गंज नेहमी क्लिपच्या भोकातूनच सुरू होतो. नट आवळताना थोडा ढिला ठेवा, दार पूर्ण उघडून पाहा. दाराच्या पुढच्या टोकाची पट्टी कडेबाहेर जराही आली असेल तर दार उघडताना ती पुढच्या मडगार्डाचा रंग खरवडते. चार दारांच्या गाडीत ही तपासणी मागच्या दारालाही करा, पुढचं दार बंद असताना आणि उघडं असतानाही. मगच नट पक्के करा.