सिबिल सुधारायला निघालात? या चुका टाळा

गृहकर्जाच्या फायली तयार करून देणं हे माझं काम. बावीस-तेविसाव्या वर्षी अ‍ॅपवरून उचललेलं कर्ज, पहिल्या पगारावर मिळालेलं क्रेडिट कार्ड, नोकरी सुटल्यावर थकलेले हप्ते, हे सगळं तिशीत घर घ्यायला गेल्यावर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, रिपोर्टमध्ये समोर येतं. त्यात आयुष्यभर मान खाली घालावी असं काही नाही. त्या नोंदींवरून ठरणारा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि खाली गेलेला वर येतो. पण तो वर आणण्याच्या घाईत लोक जे करतात, ते बघवत नाही.

सगळ्यात महाग पडते ती सेटलमेंट. वसुलीवाल्याचा फोन येतो, "साठ हजार निघतात, पंचवीस भरा, विषय मिटवू." माणूस सुटकेचा श्वास टाकून भरतो. बँक उरलेली रक्कम सोडून देते आणि खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा लागतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' असतं. उद्या कर्ज देणाऱ्याला 'सेटल्ड'चा अर्थ एवढाच कळतो की या माणसाने आधीच्या बँकेचे पैसे बुडवले.

चाकणच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. पगार चांगला, फ्लॅट ठरलेला, बिल्डरला टोकन दिलेलं. फाईल नाकारली गेली. रिपोर्ट काढला, तर जुनं कार्ड 'सेटल्ड'. तो सारखा म्हणत होता, "दादा, बँकेने मला पत्र दिलंय." पत्र खरंच होतं, आणि त्यात सेटलमेंट असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याने ते कधी वाचलंच नव्हतं. उरलेली रक्कम भरायची आहे, आकडा कळवा, असा लेखी अर्ज मी त्याला द्यायला लावला. शाखेत सांगितलं, खातं बंद आहे, पैसे घेता येत नाहीत. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, पुन्हा ईमेल. अखेर आकडा आला, त्याने भरला, नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, हातात घेतलं आणि बँकेने शेरा बदलून कळवला. तोवर टोकनही गेलं आणि फ्लॅटही. कर्ज पुढे मिळालं, ते दुसऱ्या घरासाठी.

म्हणून एकरकमी जमत नसेल तर सूट मागू नका, हप्ते पाडून मागा. आजारपणाने कंबर मोडली असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर सेटलमेंट करा, पण शेरा काय लागणार ते माहीत असू द्या.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे 'पंधरा दिवसांत सिबिल क्लीन' म्हणणारे एजंट. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. तरी लोक पॅन, आधार, ओटीपी सगळं त्यांच्या हवाली करतात. १ जानेवारी २०२५ पासून बँका सिबिलसारख्या कंपन्यांना दर पंधरवड्याला माहिती कळवू लागल्या, त्याचाच हे लोक फायदा घेतात. माहिती लवकर पोचते, याचा अर्थ जुनी थकबाकी लवकर विसरली जाते असा नाही. रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांचे हप्ते महिन्यागणिक दिसतात. तिथे नियमित भरलेले महिने साठायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

एकाने नाही म्हटलं की त्याच आठवड्यात चार ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही.

कार्डावर फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरणं बंद करा. महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर.

जुनं, नीट चाललेलं कार्ड रागाने बंद करू नका.

चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. नात्यापोटी सही करायचीच असेल, तर त्याचे हप्ते वेळेवर जातात का ते दर महिन्याला विचारा.

नवीन कार्ड कुणी देत नसेल तर एफडी तारण ठेवून मिळतं. मी सगळ्यांना तेच घ्यायला सांगतो. त्यावर फक्त मोबाईलचं बिल आणि पेट्रोल, बिल आलं की त्याच दिवशी पूर्ण भरायचं, शेवटच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि आधी रिपोर्ट वाचा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर नो ड्यूज जोडून लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार केल्याची तारीख आणि पोच जपून ठेवा, फोनवर बोललेलं तिथे चालत नाही.