माठावरचा चिमुकला पतंग कसा ओळखावा

माठाची भाजी निवडताना जाळीने चिकटलेलं पान आपण बिनदिक्कत कचऱ्यात टाकतो. पुढच्या वेळी ते जरा बाजूला ठेवा. आत इरेटमोसेरा इम्पॅक्टेला या पतंगाची अळी असू शकते. फ्रान्सिस वॉकरने १८६४ साली याचं वर्णन केलं. मराठी नाव मात्र माझ्या तरी कानावर आलेलं नाही. याच्या सिथ्रिडिडी कुळाला इंग्रजीत ‘फ्लॉवर मॉथ’ म्हणतात.

आधी पतंग नाही, झाड शोधा. माठ, राजगिरा, परसातला काटेमाठ, काहीही चालेल. दिव्याखाली वाट बघत बसू नका, हा भर उन्हात फुलांवर येतो. मिटलेल्या पंखांनिशी तांदळाच्या दाण्याएवढा, त्यामुळे पहिल्यांदा माशीच वाटते.

दिसला की हात न लावता फोटो घ्या. मोबाइलला चिमट्याचं मॅक्रो भिंग (जवळचं मोठं दाखवणारं) लावलं तर उत्तम. एक फोटो वरून: पुढचे पंख अरुंद, काळपट, चकचकीत, त्यांवर पिवळसर ठिपके. दुसरा बाजूने, आणि हाच महत्त्वाचा, कारण नारिंगी-तांबडं पोट पंखांखाली झाकलेलं असतं. मग मिशा बघा. बुडाकडे त्या खवल्यांनी जाड झालेल्या दिसतात. इरेटमोसेरा या ग्रीक नावातही ‘वल्हं’ आणि ‘शिंग’ हेच शब्द आहेत. नाव ठेवणाऱ्याची नजर नेमकी मिशांवरच गेली होती म्हणायची!

अळीवरून लगेच निकाल देऊ नका. माठाची पानं गुंडाळणारी, स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस या दुसऱ्या पतंगाची हिरवी अळीही तिथेच असते. खात्री करायची तर अळी पानासकट काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, पानं रोज बदला, ओल साचू देऊ नका. तपकिरी पंखांवर पांढरा पट्टा असलेला मोठा, त्रिकोणी पतंग निघाला, तर तो स्पोलाडिया.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव हमखास लिहा. ‘कुठल्या तरी पालेभाजीवर’ असं लिहिलं तर जाणकारही हात टेकतात. सिथ्रिडिडीतल्या बऱ्याच करड्या जाती तर जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ओळखूच येत नाहीत. तिथे फोटोवरून कुळापर्यंत पोचलात तरी पुरे.