बधिर करणारं मलम लावताना या चुका टाळा

घरातल्या औषधांच्या डब्यात लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या मलमाची, एखादी ट्यूब पडून असते. मूळव्याधीसाठी आणलेली, नाहीतर लेझरने केस काढतानाची उरलेली. ‘मलमच तर आहे, पोटात थोडंच घ्यायचंय’ असं म्हणत ती बोटाला येईल तेवढी फासली जाते. पण हे औषध कातडीवरच थांबत नाही. नसांमधून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप ते अडवतं. रक्तात जास्त उतरलं तर मेंदूच्या आणि हृदयाच्या कामातही असाच अडथळा आणतं. म्हणून गोळी मोजून घेतो, तसं हे मलमही मोजूनच लावायचं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घाई. पाच मिनिटांत बधिरपणा आला नाही की लोक दुसरा थर देतात, मग तिसरा. धड कातडीचा वरचा थर औषधाला सावकाश आत सोडतो. सुई टोचण्याआधी लावतात ते लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्क्यांचं क्रीमही साधारण तासभर घेतं. वाट पाहा, थर वाढवू नका. खरचटलेल्या, फोड फुटलेल्या किंवा खाजवून सोललेल्या जागी मात्र ते झपाट्याने रक्तात जातं. नेमकं तिथेच ते भरभरून लावलं जातं, कारण आग तिथेच जास्त असते.

दुसरी चूक जीवघेणी आहे. मलम फासून त्यावर प्लॅस्टिक गुंडाळणं. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेझरने केस काढण्याआधी पायांना असं क्रीम लावून प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. दोघींना झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि दगावल्या. तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००७ मध्ये त्यावरून जाहीर इशारा दिला. दवाखान्यातही क्रीमवर पट्टी चिकटवतात हे खरं, पण ती छोट्याशा जागेवर, ठरलेल्या वेळापुरती आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. दोन्ही पाय आणि पाठ एकाच दिवशी घरी बधिर करून पार्लरला जाणं ही वेगळीच गोष्ट आहे. गरम पाण्याच्या पिशवीनेही औषध जास्त शोषलं जातं, ती त्या जागी ठेवू नका. टक्केवारीही वाचा. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय त्वचेवर लावायच्या लिग्नोकेनची मर्यादा ४ टक्के आहे, आणि त्याहून तीव्र क्रीमं विकणाऱ्यांना एफडीएने मार्च २०२४ मध्ये पुन्हा ताकीद दिली. क्लिनिकमध्ये ‘क्रीम कुठलं, किती टक्क्यांचं, कधी पुसायचं’ हे विचारायला संकोच करू नका, अगदी लग्नाची घाई असली तरी.

ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात गुंजारव, गरगरणं, धूसर दिसणं यांपैकी काहीही जाणवलं तर मलम लगेच पुसून जागा धुवा आणि १०८ ला फोन करा. ओठ किंवा नखं निळसर-राखाडी दिसली तरीही थांबू नका. बेन्झोकेन (हेही बधिर करणारं औषध) आणि प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू पोचवण्याची ताकद घटू शकते. तान्ह्या बाळांना हा धोका जास्त. म्हणूनच बाळाला दात येताना हिरड्यांना बधिर करणारी जेल चोळू नये, कितीही रडत असलं तरी. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरड्या हलकेच चोळा, किंवा बाळाला चावायला गार केलेलं (गोठवलेलं नव्हे) टीदर, म्हणजे चावायचं खेळणं, द्या.

खाजेचं म्हणाल, तर बधिर करणं हा बहुतेक वेळा उपायच नसतो. डासाच्या चाव्याला गार पाण्याचा कपडा किंवा कॅलामाइन पुरतं, घामोळ्यांना गारवा आणि सैल सुती कपडे. गजकर्णाला बुरशीवरचं औषध लागतं. रात्री वाढणारी आणि घरात एकामागून एकाला लागणारी खाज खरजेची असू शकते, तेव्हा घरातल्या सगळ्यांवर एकदम उपचार करावे लागतात. बधिर कातडीखाली हे आजार निवांत पसरत राहतात. सात दिवसांत आराम नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मलम लावल्यावर खाज उलट वाढली, पुरळ आलं, तर ती ॲलर्जी असू शकते. अशा वेळी जास्त लावू नका, बंद करा. ज्यांना केसांच्या काळ्या डायची ॲलर्जी आहे, त्यांनी बेन्झोकेन टाळलेलंच बरं.

नागीण बरी झाल्यावर राहणाऱ्या ठणक्यासाठी डॉक्टर लिग्नोकेनचे ५ टक्क्यांचे पॅच देतात. हे पॅच नागिणीचे फोड पूर्ण सुकल्यावरच चिकटवायचे, २४ तासांत १२ तास ठेवून काढायचे. काढलेल्या पॅचमध्येही बहुतेक सगळं औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत येईल असा दुमडून तो नातवंडांच्या आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशा झाकणाच्या डब्यात टाका.