स्लॅशरची टर उडवायची, तीही कमी पैशांत

कॅमेऱ्याला आपण विनोदी फिल्म करतोय हे कळता कामा नये. लाइट, संगीत, किंकाळ्या, सगळं खऱ्या स्लॅशरसारखं, म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारतो तसल्या भयपटासारखं, गंभीर हवं. नटाने तोंड वेंगाडलं की विडंबन संपतं आणि आचरटपणा सुरू होतो.

१० मिनिटांच्या फिल्मला साधारण १० पानं, एक घर, थोडी झाडी, चार बळी आणि एक खुनी पुरे. आधी स्लॅशरचे ठरीव नियम कागदावर काढा: गाडी सुरू होत नाही, फोनला रेंज नसते, मंडळी कारण नसताना वेगवेगळ्या दिशांना जातात, मेलेला खुनी उठतो. त्यातले दोन-तीनच निवडा आणि तुटेपर्यंत ताणा. समजा, खुनी संथ चालतो तरी पळणाऱ्याला गाठतो, हा नियम घेतला. पहिल्यांदा तो सरळ, भीतीदायक दाखवा. दुसऱ्यांदा पळणारी दमून थांबते आणि खुनी आधीच पुढे उभा असतो. तिसऱ्यांदा ती पायरीवर बसून त्याची वाट बघते, घड्याळ बघते, तो काही येत नाही. पहिली वेळ गंभीर नसेल तर तिसरीला कुणी हसणार नाही.

मुखवट्यावर पैसे उधळू नका. १९७८ च्या ‘हॅलोविन’मधला मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा तयार मुखवटा, त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, केस विस्कटले, पांढरा रंग मारला आणि डोळ्यांची भोकं मोठी केली, एवढंच. भोकं मोठी करणं तुम्हालाही टळणार नाही, नाहीतर नट दारावर आपटेल. रबर चकाकत असेल तर मॅट स्प्रे मारा. मुखवट्याचा मोठा फायदा असा की त्याआड उंचीला जुळणारा कुणीही चालतो, आणि संवाद व श्वास नंतर डब करता येतात.

रक्त: १ कप कॉर्न सिरप, पाव कप पाणी, २ मोठे चमचे लाल खाद्यरंग, १ छोटा चमचा कोको, निळ्या रंगाचे १-२ थेंब. कोको आधी त्याच पाण्यातल्या थोड्या कोमट पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. कोको टाळला तर रक्त सरबतासारखं पारदर्शक दिसतं. निळ्या लाइटमध्ये लाल रंग काळा पडतो, म्हणून रात्रीच्या सीनसाठी निळा थेंब वगळा आणि त्याच लाइटखाली चाचणी घ्या. खाद्यरंगाचे डाग सहजी जात नाहीत. रक्त सांडणाऱ्या नटाचे एकसारखे तीन शर्ट ठेवा आणि प्रत्येक टेकनंतर डागांचा फोटो काढा.

कारंज्यासाठी ६० मिलीची सिरिंज आणि मीटरभर फिशटँकची नळी शर्टाआडून न्या. त्यासाठी रक्त पाण्याने पातळ करा. घट्ट सिरप नळीत अडकतं आणि जोर दिला की नळी निसटून कॅमेऱ्यावर फवारा येतो. विनोद प्रमाण सुटण्यात आहे: बोटाला कागद कापला आणि रक्त २० सेकंद उडतंय, बाकीचे शांतपणे थांबलेत. सुरा नेहमी रबराचा किंवा पुठ्ठ्याचा. वार फ्रेमबाहेर करा. कोबी चिरल्याचा आणि सेलरीचा (कुरकुरीत दांड्यांची भाजी) दांडा मोडल्याचा आवाज पुरेसा ओंगळ असतो.

रात्रीसाठी डेलाइट (दिवसाच्या उजेडाच्या रंगाचा) एलईडी पात्राच्या मागून तिरका लावा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कुठला धरायचा ते सेटिंग) ३२०० केल्विनवर ठेवा. उजेड आपोआप निळसर होतो. समोरून लावाल तर चेहरा सपाट दिसेल. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला २५ फ्रेम्स आणि १/५० सेकंद शटर ठेवा, नाहीतर घरातले दिवे लुकलुकतात.

बहुतेक फिल्म एडिटमध्ये फसतात, कारण हशा येण्याआधीच कट होतो. दचकवणाऱ्या क्षणाआधी दोन सेकंद शांतता द्या, दणका द्या, मग शॉट नको वाटेपर्यंत धरून ठेवा. पहिला कट स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला दाखवा, त्याच्याशी बोलू नका, आणि तो कुठे हसतो ते टाइमकोडसह (फिल्मच्या कितव्या मिनिट-सेकंदाला) लिहून घ्या.