खंड्याची ओढ आणि सुरसागरची फेरी

आश्रयगृहातून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आलेल्या खंड्या नावाच्या कुत्र्याने पहिल्याच पंधरवड्यात तीन चपला आणि सासूबाईंची जपाची गोमुखी फाडली, तेव्हा मी त्याच्यावर ओरडून पाहिले, उपयोग शून्य. मग साखळी ताणली गेली की मी जागीच उभी राहू लागले आणि ती सैल पडल्यावरच पाऊल उचलू लागले, त्यामुळे सुरसागर तलावाच्या काठाने चालताना पाऊण तास सहज जाई (बघणारे हसत, हसोत बापडे). उन्हाळ्यात डांबराने पंजे भाजतात, म्हणून आम्ही पहाटेच निघतो. घरी आल्यावर पोळीचे तुकडे जुन्या पंचात गुंडाळून देते. ते हुंगून काढता काढता दमून तो उंबऱ्याशी पसरतो. नवी गोमुखी मात्र सासूबाई अजूनही उंच खुंटीवरच टांगतात.