अध्यक्ष कागदावर जिवंतच होते

घाटंजी तालुक्यात आमची छोटी संस्था. उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढणं हे मुख्य काम. गेल्या वर्षी एका कंपनीकडे सीएसआर निधी (कंपन्या समाजकामासाठी देतात तो) मागितला, तर कामाबद्दल एक प्रश्न न विचारता फाइल परत. कारण काय, तर स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर अध्यक्ष वेगळे आणि धर्मादाय नोंदणीच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या उताऱ्यावर, अजून जुनेच. जुने अध्यक्ष वारून चार वर्षं झाली होती.

चूक आमचीच. विश्वस्त बदलला की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आम्ही नव्या अध्यक्षांना हार घातला, पेढे वाटले, अर्ज तेवढा राहिला! मग मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ठराव, संमतीपत्र आणि विलंब माफीचा अर्ज, सगळं जोडलं. सभेचं रजिस्टर कापसाच्या गंजीमागे सापडलं म्हणून बरं. त्या कार्यालयासाठी यवतमाळच्या खेपा मी मोजल्या नाहीत.

12ए आणि 80जी या आयकराच्या नोंदण्या होत्याच, त्यामुळे सीएसआर-1 फॉर्म, म्हणजे सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेची नोंदणी, सीएकडून लगेच भरून झाला. 1 एप्रिल 2021 पासून तो नसेल तर सीएसआरचं काम संस्थेकडे देताच येत नाही.

प्रस्तावही बदलला. 'ग्रामसमृद्धी' वगैरे जड शब्द काढले. कोणती विहीर, किती फूट गाळ, क्रेनचे किती दिवस, एवढंच दोन पानांत लिहिलं. तीन वर्षांचं ऑडिट जोडलं.

पहिला हप्ता परवा जमा झाला. क्रेनवाल्याला निरोप गेलाय, पेढे नंतर पाहू.