लिनक्सवर इंटरनेट घेताय? कनेक्शन निवडताना या चुका टाळा

नवीन कनेक्शनसाठी फोन लावला की लिनक्सवाला (विंडोजऐवजी लिनक्स वापरणारा) हमखास विचारतो, 'तुमचं नेट लिनक्सवर चालतं का?' आणि तिथेच गाडं अडतं. समोरचा एकतर 'नाही सर, विंडोजच लागेल' म्हणतो, नाहीतर प्लॅन खपवायचा असल्यामुळे 'सगळ्यावर चालतं' म्हणून मोकळा होतो. दोन्ही उत्तरं निरुपयोगी. तुमच्याकडे उबंटू आहे, डेबियन आहे की फ्रीबीएसडी, म्हणजे कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, याच्याशी फायबरला काही देणंघेणं नसतं. अडतं ते लॉगिनपाशी. म्हणून प्रश्न असा विचारा: लॉगिन कुठे होतं? राउटरमध्ये, काँप्युटरवर, की ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावर? याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याशी पुढे बोलू नका, त्याच्या टेक्निशियनचा नंबर मागा. आपल्याकडे लाइन घरापर्यंत आणतो तो बहुतेक वेळा गल्लीतला केबलवालाच, आणि कॉल सेंटरपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

लॉगिन लॅपटॉपवर ठेवणं

बऱ्याच ठिकाणी पीपीपीओई असतं, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून लाइन डायल करावी लागते. टेक्निशियनला विंडोजमध्ये 'ब्रॉडबँड कनेक्शन' बनवायची सवय असते; समोर वेगळाच डेस्कटॉप दिसला की तो थबकतो आणि 'विंडोज टाकून घ्या' म्हणतो. घाबरून विंडोज टाकू नका. तेच युजरनेम-पासवर्ड राउटरच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या) सेटिंगमध्ये भरायला सांगा. त्यानंतर घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटरच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा विषयच उरत नाही.

राउटर नसेल तरी अडत नाही. नेटवर्क मॅनेजरमध्ये डीएसएल प्रकारचं कनेक्शन बनवता येतं, आणि डेबियन-उबंटूवर त्यासाठी 'पीपीपीओईकॉन्फ' नावाचा छोटा प्रोग्रॅमही मिळतो.

माझ्या मते प्रोव्हायडर पारखायची खरी जागा हीच आहे. तो पीपीपीओईचा पासवर्ड लिहून देतो का? स्वतःचा राउटर लावू देतो का? त्यांचा ओएनटी (फायबर जिथे जोडतात तो डबा) ब्रिज मोडवर टाकून देतो का, म्हणजे तो डबा फक्त लाइन पुढे देईल आणि लॉगिन तुमच्या राउटरमध्ये होईल? तिन्हींना 'हो' म्हणणारा प्रोव्हायडर लिनक्सचं नावही न ऐकलेला असला तरी चालेल. आणि 'आमचंच ॲप टाका, त्याशिवाय नेट सुरू होणार नाही' म्हणणारा कितीही स्वस्त असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

मॅक ॲड्रेसकडे दुर्लक्ष

टेक्निशियन स्वतःचा लॅपटॉप लावून दाखवतो, नेट धो धो चालतं, तो सही घेऊन जातो, आणि तुम्ही केबल आपल्या लॅपटॉपला लावली की काहीच नाही. खापर लिनक्सवर फुटतं. बहुतेकदा झालेलं एवढंच असतं, की प्रोव्हायडरच्या सर्व्हरने त्याच्या लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. मॅक रीसेट करा, असं फोनवर सांगितलं की काम होतं. राउटरमध्ये 'मॅक क्लोन'ची, म्हणजे दुसऱ्याचा मॅक दाखवायची सोय असेल आणि टेक्निशियनच्या लॅपटॉपचा मॅक टिपून ठेवला असेल, तर फोनही करावा लागत नाही.

हॉस्टेल आणि पीजीच्या वायफायवर याचीच दुसरी बाजू दिसते. तिथे तुमच्या लॅपटॉपचा मॅक नोंदवून घेतात, आणि काही लिनक्स मात्र प्रायव्हसीसाठी वेगळाच मॅक दाखवतात. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात आवृत्ती ४० पासून वायफायला प्रत्येक नेटवर्कसाठी असा वेगळा मॅक मिळतो. सोय चांगलीच आहे, पण नोंदणीच्या वायफायपुरती त्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'क्लोन्ड ॲड्रेस' बदलून मूळ मॅकच वापरायला सांगा.

'काही साइट्स उघडतात, काही नाही'

ही तक्रार सर्वात फसवी. यूट्यूब छान चालतं, बँकेचं पान मात्र अर्ध्यावर लटकतं, पॅकेज अपडेट मध्येच थांबतं. लोक ब्राउझर बदलतात, डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलतात. आधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार तपासा. इथरनेटवर एका वेळी जास्तीत जास्त १५०० बाइट जातात. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी ठेवतं, उरतात १४९२. राउटर नीट असेल तर हा हिशोब तो स्वतःच सांभाळतो. नसेल तर मोठी पॅकेट वाटेतच गळतात आणि छोटी पोचतात.

तपासणी सोपी आहे. टर्मिनलमध्ये पिंगला (समोरून उत्तर येतं का ते बघणाऱ्या आज्ञेला) 'पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत' असा पर्याय द्या आणि १४६४ बाइट पाठवा. त्यात हेडरचे २८ बाइट मिळवले की बरोबर १४९२ होतात. १४६४ ला उत्तर आलं आणि १४७२ ला नाही, तर लाइनची मर्यादा १४९२ आहे. १४६४ लाही उत्तर नसेल तर आकडा खाली आणत जा. जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवून तोच एमटीयू राउटरमध्ये टाका.

डीएनएस बदलून पोर्टलची वाट पाहणं

काही छोट्या प्रोव्हायडरकडे ब्राउझरमधल्या पानावर लॉगिन असतं, त्यालाच पोर्टल म्हणतात. लिनक्सवाल्याने सवयीने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर) घातलेले असतात, आणि ब्राउझरमध्ये एनक्रिप्टेड डीएनएस चालू असतं. मग लॉगिनचं पान उघडतच नाही. लॉगिनपुरतं डीएनएस ऑटोमॅटिकवर ठेवा आणि नेव्हरएसएसएलसारखी साधी एचटीटीपी (एनक्रिप्शन नसलेली) साइट उघडा. पोर्टल समोर येतं. तरीही पर्याय असेल तर असं कनेक्शन घेऊ नका. दर थोड्या वेळाने सेशन तुटलं तर रात्रभर चालणारं डाउनलोड कोण सांभाळणार?

सीजीनॅटची चौकशी न करणं

सीजीनॅट म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटणं. घरी रास्पबेरी पायसारखा छोटा काँप्युटर किंवा सर्व्हर ठेवून बाहेरून एसएसएच (लांबून लॉगिन) करायचा बेत असेल, तर पैसे भरण्याआधीच 'पब्लिक आयपी मिळेल का' हे विचारा. आधीच कनेक्शन घेतलं असेल तर राउटरच्या वॅन पानावरचा आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी तो सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवण्यावर) कितीही डोकं आपटलं तरी बाहेरून आत येता येणार नाही. स्टॅटिक आयपीला वेगळे पैसे पडतात. काहींकडे आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळतं, त्यावरही काम भागतं.

ड्रायव्हरचा दोष लाइनवर ढकलणं

वायफाय दिसतच नसेल तर प्रोव्हायडरला बोल लावू नका. ब्रॉडकॉमच्या काही चिप्सचा ड्रायव्हर वेगळा उतरवावा लागतो, आणि उतरवायला नेट हवं. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. लिनक्स तो सहसा लगेच ओळखतं.

तक्रार करताना आधी 'लिनक्स' म्हणणं

हा शब्द ऐकला की पलीकडून 'आम्ही सपोर्ट करत नाही' येतं आणि फोन संपतो. खोटं बोलायची गरज नाही, क्रम बदला. आधी ओएनटीवरचे दिवे बघा. एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल असेल तर फायबरच तुटली आहे किंवा वाकली आहे, मग लॅपटॉपवर काय आहे याला महत्त्व नाही. मग घरच्या वायफायवर मोबाइलमध्ये नेट चालतंय का ते बघा. 'एलओएस लाल आहे, मोबाइलवरही नेट नाही' असं सांगितलं की 'स्टार्ट बटण दाबा'पासूनची सगळी उजळणी टळते. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत हा नंबर आणि त्यानंतर कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडे जायची सोय, दोन्ही आहेत. 'तुमची सिस्टीम चालत नाही' एवढंच सांगून तक्रार बंद केली, तर त्याच नंबरावर अपील टाका आणि सोबत दिव्यांचा फोटो व पिंगचा स्क्रीनशॉट जोडा. आणि नव्या प्रोव्हायडरकडे पहिल्यांदा एकाच महिन्याचं रिचार्ज करा. वर्षाचे पैसे एकदम भरल्यावर सवलत मिळते, पण मग सोडून जाता येत नाही.